माटुंग्यातलं एक जुनं उडुपी हॉटेल : खाण्याला साडेचार स्टार, बाकीचं सविस्तर

आधी खाण्याचं सांगतो, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचायला घेतील आणि त्यात काही चूक नाही. माटुंगा ईस्ट, सेंट्रलच्या स्टेशनला उतरायचं, फुलवाल्यांच्या समोरून चालत सात-आठ मिनिटं. हॉटेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. पुढे जे लिहिणार आहे ते मालकांना अजून माहीत नाही, आणि ते त्यांना सांगायचं की नाही हे ठरवणारा मी नाही. वर्णनावरून ज्यांना कळेल त्यांनी आपल्यापुरतं ठेवा ही विनंती.

रविवारी सकाळी साडेसातच्या आत गेलात तर दहा मिनिटांत जागा मिळते, साडेआठनंतर फुटपाथवर पाऊण तास उभं राहायची तयारी ठेवा. रसम वडा घ्याच. वडा रसमात पूर्ण भिजलेला असतो पण मधला भाग अजून दाताला लागतो, आणि रसम काळी मिरी, टोमॅटो, हिंगाचं, नाकातून पाणी काढणारं. पोडी इडलीवर तूप हात आखडून घालत नाहीत. अननसाचा शिरा फक्त रविवारी, साडेनऊला संपतो. नीर डोसा म्हणजे आपल्या घावनाचा सख्खा भाऊ, तांदूळ भिजवून वाटायचा, आंबवायचं नाही, तव्यावर पातळ सोडायचा, सोबत ओलं खोबरं आणि गूळ. सांबार गोडसर आहे, उडुपी पद्धतीचं, ज्यांना तामिळ सांबार आवडतं त्यांनी अपेक्षा ठेवू नका. फिल्टर कॉफी पितळी डबऱ्यात येते, डिकॉक्शन ताजं, एक नंबर. अर्धा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी, दुसऱ्यांदा मागितलेली चटणी यायला फार वेळ लागतो आणि रविवारी शेवटचा घास तोंडात असतानाच वेटर बिल ठेवून जातो. बेसिनजवळची लादी निसरडी आहे, म्हाताऱ्या माणसांना हात धरून न्या.

मी ज्यांना हात धरून नेलं ते माझे मोठे काका. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सगळं आयुष्य नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं, एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि त्यात एकेकाळी नऊ माणसं. नायगावहून माटुंगा म्हणजे चालत अर्धा तास, काका तरुणपणी माहीमच्या चौपाटीपर्यंत चालत जायचे, पण या हॉटेलात गेल्या साठ वर्षांत एकदाही आले नव्हते. मला वाटायचं त्यांना साउथचं खाणं आवडत नसेल. तसंही नाही, काकूंनी घरी इडल्या केल्या की सहा खातात. या वेळी काकूंना बरं नव्हतं, त्या म्हणाल्या यांना कुठेतरी बाहेर घेऊन जा रे, खिडकीत बसून बसून चिडचिडे झालेत, आणि मी म्हटलं चला काका माटुंग्याला. ते एक मिनिट काही बोलले नाहीत. मग उठून शर्ट बदलला.

आता तिथे चार जणांच्या टेबलावर दोघंच बसायची सोय नाही, अनोळखी माणसांना शेजारी बसवतात, माटुंग्यातल्या जुन्या हॉटेलांत हे चालतंच. आमच्या टेबलावर एक बाप आणि त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी येऊन बसले. दोघं आपसात गुजरातीत बोलत होते. बापाने मला विचारलं, चटणीची वाटी इकडे द्याल का, तेही मराठीत. मी वाटी सरकवली, पण त्याच्याकडे न बघता, आणि जरा आपटूनच. तो काही बोलला नाही, मुलीच्या ताटात चटणी वाढायला लागला. काका माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "काय झालं रे? ओळखतोस का याला?" म्हटलं नाही. "मग असं तोंड का केलंस?"

मी असं तोंड का केलं ते सांगतो. दोन महिने मी भाड्याने घर शोधतोय. पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीत वन बीएचके पसंत पडला, टोकन द्यायचं ठरलं, बायकोने पडद्यांची मापं घेतली, आणि रात्री ब्रोकरचा फोन, सॉरी सर, कमिटीचं म्हणणं आहे महाराष्ट्रीयन फॅमिली नको, मच्छी करतात, वास येतो. मी म्हटलं आम्ही मच्छी करणार नाही असं लिहून देतो. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, मुंबईत जन्मलेला माणूस मी, भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या आजोबांचा नातू, आणि मी बांगड्याबद्दल लिहून द्यायला तयार झालो. तो म्हणाला, तसं नाही सर, आडनावावरूनच नाही म्हणाले. त्या रात्रीपासून मला लोकलमध्ये, दुकानात, कुठेही गुजराती कानावर पडली की मानेपासून वर गरम व्हायला लागायचं. घरी मी 'हे लोक' असं म्हणायला लागलो होतो. हे लोक असेच, हे लोक शहर गिळणार. बायकोने एकदा विचारलं, हे लोक म्हणजे कोण, तुझ्या ऑफिसात तुला डबा देणारी ती मुलगी पण का? मी म्हटलं ती वेगळी आहे.

"ती वेगळी आहे." द्वेष करणाऱ्या प्रत्येक माणसाकडे असं एक तरी वेगळं माणूस असतं. आपण ओळखतो ते सगळे वेगळे, ओळखत नाही ते सगळे सारखे. मला नाही म्हणणारी कमिटी सात जणांची होती, त्या सातांपैकी मी एकालाही भेटलो नाही, आणि शिक्षा मी देत होतो चटणी मागणाऱ्या माणसाला.

हे सगळं मी काकांना टेबलावर हळू आवाजात सांगितलं, बापलेक उठून गेल्यावर. काकांनी ऐकून घेतलं. नीर डोसा खात होते, म्हणाले "हे तर घावन, आई असंच करायची, नारळाच्या रसात." मग कॉफी आली, त्यांनी ती डबऱ्यात ओतून गार केली आणि दरवाजाकडे बोट केलं. "तिथे काच होती. खालपासून वरपर्यंत. मी फोडली."

मला आधी वाटलं चुकून धक्का वगैरे लागला असेल. पण ते १९६६ चं सांगत होते. काका तेव्हा एकोणीस वर्षांचे. त्या वर्षी १९ जूनला शिवसेनेची स्थापना झाली, ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीपासून 'मार्मिक' मध्ये याद्या छापून येत होत्या, मुंबईतल्या कंपन्यांमध्ये साहेब कोण, त्यात दाक्षिणात्य आडनावं किती आणि मराठी किती, वर मथळा 'वाचा आणि थंड बसा', पुढे तो झाला 'वाचा आणि उठा'. काका चाळीच्या जिन्यात बसून त्या याद्या मोठ्याने वाचून दाखवायचे कारण त्यांचं वाचन चांगलं. दादरच्या एका क्लासमध्ये इंग्रजी टायपिंग शिकत होते, मिनिटाला तीस शब्दांचा स्पीड होता, चाळीसचा लागायचा. फोर्टातल्या एका कचेरीत क्लार्कच्या जागेसाठी परीक्षा दिली आणि गेली. लुंगीवाल्यांनी खाल्ली असं सगळे म्हणाले आणि त्यांनाही ते पटलं. मेळाव्यानंतरच्या दिवसांत उडुपी हॉटेलांवर दगड पडले तेव्हा एका संध्याकाळी पाच-सहा पोरं इकडे आली. काका म्हणाले, "मला कुणी मार म्हणून सांगितलं नव्हतं. दगड मी स्वतः उचलला, रस्त्याचं काम चालू होतं तिथून." आणि मग जे म्हणाले त्याने मी गप्पच झालो, "त्याच महिन्यात इथे मसाला डोसा खाल्ला होता मी. महिन्यातून एकदा खायचो, क्लासच्या फीतून वाचवून."

आता तुम्ही म्हणाल तक्रार खोटी होती का. नव्हती, आणि हे मी काकांना वाचवायला म्हणत नाहीये. १९६१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी बोलणारे निम्म्याहून कमी होते, संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गोळ्या खाऊन मेली, १ मे १९६० ला राज्य मिळालं, आणि राज्य मिळाल्यावर चाळीतल्या मॅट्रिक पोराला काय मिळालं तर वेटिंग लिस्ट. हुतात्मा चौकातून चालत जाऊन मुलाखत द्यायची आणि नापास होऊन परत यायचं. ऑफिसच्या नोकरीला इंग्रजी आणि शॉर्टहँड पाहिजे, दक्षिणेकडची पोरं ते शिकून येत होती. यात राग येण्यासारखं नक्कीच होतं. पण नोकऱ्या किती काढायच्या, कुणाला घ्यायचं, मराठी शाळांत इंग्रजी कसं शिकवायचं हे ठरवणारी माणसं वेगळी होती, त्यांच्या कचेऱ्यांना दरवान होते, तिथे एकोणीस वर्षांचा पोरगा पोचतच नव्हता. कोपऱ्यावरच्या हॉटेलला दरवान नसतो. तिथला माणूस दिसतो, हाताशी असतो, तुमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर असतो. गल्ल्यावर बसलेल्या त्या माणसाने कोणाची क्लार्कची नोकरी घेतली होती? तो पहाटे चारला उठून पीठ बघत होता. या हॉटेलांत काम करणारी पोरं दहा-बारा वर्षांची असताना गावाहून यायची, दिवसभर टेबलं पुसून रात्री कन्नड रात्रशाळेत शिकायची. मुंबईतल्या त्या रात्रशाळांतून शिकून कितीतरी जण पुढे गेले. आमचे आजोबा मालवणहून बोटीने आले तसेच तेही खालच्या किनाऱ्यावरून आलेले. दोघांचं घावन एकच.

आणि फोर्टातली ती जागा? दोनेक वर्षांनी काकांना कळलं की ती मिळाली होती साताऱ्याच्या एका मुलाला. मराठीच. मी विचारलं मग तुमचा राग गेला का? "नाही," म्हणाले, "उलट वाढला. म्हटलं मोठ्या जागा तर तेच खातात ना."

मी यावर बरेच दिवस विचार करतोय. माणूस पुरावा बघून द्वेष करत नाही, द्वेष आधी येऊन बसतो आणि मग पुरावे गोळा करतो, म्हणून एक पुरावा खोटा निघाला तरी काही ढळत नाही, दुसरा हजर असतो. मग आधी का येऊन बसतो? काकांनी दिलेलं उत्तर मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. ते म्हणाले, "त्या संध्याकाळी परत येताना पोरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. परीक्षेत नापास झाल्यापासून घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं." त्यांना त्या दिवशी एक जागा मिळाली, जी फोर्टात मिळाली नव्हती. मला वाटतं निम्मा द्वेष असाच असतो, समोरच्याबद्दल त्यात फार काही नसतं, आपल्याला कुठेतरी सामील व्हायचं असतं आणि त्याची फी म्हणून कुणाला तरी दगड मारावा लागतो.

माझी बहीण सायकॉलॉजी शिकली, तिने सांगितलेलं आठवतं की १९५४ साली एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कॉन्टॅक्ट हायपॉथिसिस मांडली, वेगवेगळ्या गटांतली माणसं एकत्र आली की पूर्वग्रह कमी होतात. पण त्याला अटी आहेत, दोघांचा दर्जा बरोबरीचा पाहिजे, दोघांना मिळून एखादं काम करायचं असलं पाहिजे, आणि वरून कायद्याचा किंवा संस्थेचा पाठिंबा पाहिजे. लोक पहिला भागच लक्षात ठेवतात. एकमेकांचं खाल्लं की माणसं जवळ येतात असं फूड व्हिडिओत सतत ऐकायला मिळतं. अहो डोसा खाऊन गेलेल्या पोराने त्याच महिन्यात काच फोडली ना! जो आपल्याला वाढतो त्याच्याशी आपली ओळख होतेच असं नाही. काकांना त्या वेळच्या मालकाचं नाव तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.

इथे मला एक दुसरी हॉटेलची गोष्ट सांगावीशी वाटते, तामिळनाडूतली. मद्रासमध्ये १९५७ साली पेरियार यांच्या कार्यकर्त्यांनी ट्रिप्लिकेनच्या एका हॉटेलसमोर महिनोन् महिने निदर्शनं केली, रोज अटक व्हायची आणि रोज नवे लोक यायचे. मागणी काय तर पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढा. कारण त्या शब्दाचा अर्थ होता की बाकीच्यांचा हात लागलेलं इथे चालत नाही. त्या चळवळीत ब्राह्मणांबद्दल जे जे बोललं गेलं ते सगळं मला पटणार नाही, त्यातलं काही माणसांवरच होतं. पण ती मागणी बघा. शब्द काढा. शब्द निघाला की हॉटेल चालू. आमच्या काकांच्या दगडाची मागणी काय होती? त्या मालकाने काय केलं असतं म्हणजे दगड थांबला असता? लुंगी सोडून पँट घातली असती तरी तो तोच राहिला असता. मला राग आणि द्वेष यांतला फरक इथे दिसतो, रागाला समोरच्याकडून काहीतरी करून हवं असतं, द्वेषाला तो माणूसच नको असतो.

या हॉटेलपासून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की हिंदू कॉलनीत राजगृह आहे, बाबासाहेबांचं घर. मी त्या रविवारी काकांना तिकडूनच टॅक्सीने नेलं. घर मिळत नाही म्हणजे काय हे बाबासाहेबांपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार, १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले तर कुणी खोली देईना, पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, अकराव्या दिवशी डझनभर माणसं लाठ्या घेऊन खोलीच्या दारात उभी. संध्याकाळच्या आत निघून जा म्हणाले. ते एका बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. या माणसाने पारशांचा द्वेष केला असता तर आपण कोणत्या तोंडाने त्याला चूक म्हणालो असतो? माझ्याच्याने म्हणवलं नसतं. पण त्यांनी मसुदा केलेल्या घटनेत कलम १५ वाचा, दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवायचं नाही. पारशाला अडवा असं त्यात नाही, लाठी घेऊन येणाऱ्यांच्या पोरांनाही त्यात जागा आहे. मी त्या रविवारी कुणाच्याही शेजारी बसून रसम वडा खाल्ला तो या कलमाच्या जोरावर. घराच्या बाबतीत मात्र अजून तेवढी सोय नाही. २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा नियम वैध ठरवला. म्हणजे ज्या माणसाच्या शेजारी मी इडली खाऊ शकतो त्याच्या शेजारी घर मिळेलच असं नाही. यावर माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही, त्या कमिटीविरुद्ध सहकार खात्याकडे अर्ज केलाय, ब्रोकरचा मेसेज जोडून.

पण हे लिहिताना एक गोष्ट लपवली तर बाकीचं सगळं खोटं होईल. मागच्या वर्षी माझ्या मावशीने डोंबिवलीची तिची खोली भाड्याने द्यायला काढली होती. ब्रोकर समोर बसला होता, ती म्हणाली, बघा, कुणीही चालेल, फक्त मुसलमान नको. मी तिथेच चहा पीत होतो. एक शब्द बोललो नाही. मनात आलंही नाही की काही बोलावं. तिच्या तोंडून ते इतकं साधेपणाने आलं, जसं वरच्या मजल्यावर पाणी कमी येतं असं सांगावं. तिला त्रास देणारा कुणी मुसलमान तिच्या आयुष्यात आलेला नाही. ज्या माणसाला तिथे घर मिळालं नाही तो कदाचित आज लोकलमध्ये मराठी ऐकून मान फिरवत असेल.

काकांकडे परत येतो. मी विचारलं दाक्षिणात्यांवरचा तुमचा राग मग गेला कधी? ते म्हणाले गेला असं नाही, दुसरं कुणी आलं. खोली तीच राहिली, भाडेकरू बदलले. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसं गेली, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीच्यांत काहींची ओळखच पटली नाही. मग १२ मार्चला बॉम्बस्फोट, २५७. प्रत्येकाकडे समोरच्याच्या कृत्याचा पुरावा होता आणि प्रत्येक पुरावा खरा होता, प्रेतं खरीच होती. काका तेव्हा चाळीशी ओलांडलेले, त्यांनी दगडबिगड मारला नाही, पण चाळीत रोज सकाळी सायकलवर येणारा पाववाला जानेवारीनंतर यायचा बंद झाला तेव्हा ते म्हणाले होते बरं झालं. आम्ही कित्येक महिने सकाळी पोळी खायचो, मला लहानपणीचं आठवतं, कारण कळलं नव्हतं. त्या दिवशी कॉफी पिताना म्हणाले, "त्याचं नाव मला माहीत होतं. कुणाकडे चौकशी केली नाही मी." नाव त्यांनी मला सांगितलं, इथे लिहीत नाही. काच फोडल्याचं सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता. हे सांगताना नव्हता.

कुणी म्हणेल, काही लोकांचा द्वेष बरोबरच असतो. मीही हा प्रश्न टाळत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसं मारली गेली, सीएसटीवर ज्या माणसाने गर्दीवर गोळ्या झाडल्या त्याच्याबद्दल माझ्या मनात जे आहे त्याला मी द्वेषच म्हणतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण मुंबईने तेव्हा काय केलं तेही मला आठवतं. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर गोळ्या अंगावर घेऊन रायफलची नळी धरली म्हणून तो जिवंत सापडला, त्याला वकील दिला, खालच्या कोर्टापासून वरपर्यंत केस चालली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला फाशी झाली. आणि मेलेल्या नऊ जणांना दफनाला जागा द्यायला मुंबईतल्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने नकार दिला, आमच्या कबरस्तानात नाही म्हणाले. म्हणजे माझ्या द्वेषाला त्या माणसाच्या कृत्यापर्यंत जायला वाट होती, आणि तिथेच थांबायलाही जागा होती. त्याच्या नावाने मी जर नायगावच्या पाववाल्याकडे वळलो असतो, तर तो द्वेष त्या क्षणी खोटा झाला असता, कितीही खऱ्या दुःखातून आलेला असला तरी. तक्रार खरी असणं आणि द्वेष बरोबर असणं या दोन गोष्टी आपण फार पटकन एक करतो, मी दोन महिने तेच करत होतो.

बिल द्यायला गल्ल्यावर गेलो तर तिशीतला मुलगा बसलेला, मालकांचा नातू, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. काकांनी त्याला विचारलं, इथे पूर्वी काच होती ना मोठी? तो म्हणाला, "हो आजोबा, माझे आजोबा सांगायचे, दोनदा बसवली, मग कंटाळून शटरच लावलं. तुम्ही पूर्वी यायचात का?" काका म्हणाले, "यायचो. महिन्यातून एकदा." तेवढंच. मी बाहेर आल्यावर म्हटलं काका, सांगायचं होतंत, तो काही बोलला नसता, चांगला मुलगा दिसतोय. ते माझ्यावर चिडले. "तो चांगला आहे म्हणून सांगायचं? सांगून माझं ओझं उतरेल. त्याच्या डोक्यावर कशाला ठेवू? रविवारची गर्दी आहे त्याची." मला हे पूर्ण पटलेलं नाही. मला वाटतं त्या मुलाला कळायचा हक्क आहे, दोनदा काच बसवणाऱ्या माणसाचा तो नातू आहे. पण दगड माझा नाही.

काकूंसाठी पोडी इडली पार्सल घेतली, केळीच्या पानात बांधून देतात, चटणी वेगळी मागून घ्या नाहीतर विसरतात. दोन माणसांचं पोटभर खाणं कॉफीसकट सहाशेच्या आत झालं. यूपीआय चालतं. सोमवारी बंद. काकांचं म्हणणं रसम जरा जास्तच तिखट होतं, आणि पुढच्या रविवारी सातलाच निघायचं, शिरा संपायच्या आत.